शरीरातल्या रेणूंवर सतत लक्ष ठेवणारे सेन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. सहा वर्षांपूर्वी माझ्या मुलीला, वयाच्या नवव्या वर्षी, टाइप १ मधुमेह निघाला. तोवर फळ्यावर शिकवत होते तो विषय, सतत शुगर मोजणाऱ्या सेन्सरच्या रूपाने, तिच्या दंडाला चिकटून घरात आला. आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. इन्सुलिनचा किंवा कुठल्याही औषधाचा डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. इथे फक्त हे यंत्र कसं चालतं, कुठे चुकतं आणि पुढे काय येऊ घातलंय एवढंच आहे.

बायोसेन्सर म्हणजे नेमकं काय?

ही दोघांची जोडी असते. एक ओळखतो, दुसरा सांगतो. ओळखणारा सजीव सृष्टीतून घेतलेला असतो: एखादं एन्झाइम, अँटिबॉडी किंवा डीएनएचा तुकडा. आजूबाजूला हजारो प्रकारचे रेणू फिरत असताना त्याला आपला एकच रेणू पकडायचा असतो. सांगणारा बहुतेक वेळा इलेक्ट्रोड असतो. पकडलेल्या रेणूमुळे जे घडतं ते तो विजेच्या प्रवाहात उतरवतो.

लॅबमध्ये रक्त काढतात, यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या करतात, रसायनं घालतात, नको ते धुऊन टाकतात आणि मग आकडा येतो. शरीरात बसणाऱ्या सेन्सरच्या नशिबी यातलं काहीच नाही. त्याला नवीन रसायन मिळत नाही आणि मधे कोणी धूतही नाही. आहे त्या गढूळ द्रवात बसून त्याला दर मिनिटाला तेच काम करत राहायचं असतं. खालचे बरेचसे प्रश्न फिरून याच अडचणीपाशी येतात.

बोट टोचून शुगर कळतेच की. मग सतत कशाला मोजायची?

दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून एकदाच डोकावलं, तर दूध उतू जाणार आहे की नाही ते कळत नाही.

मुलगी पाचवीत होती तेव्हाची गोष्ट. पीटीच्या तासाआधी तिने बोट टोचलं, ११० आलं. चांगला आकडा. पाऊण तासाने शाळेतून फोन: ती घामाने भिजून पायरीवर बसली होती, हात थरथरत होते, शुगर ५८. आधीचा ११० हा आकडा खोटा नव्हता. शुगर १८० वरून घसरत असताना वाटेत भेटलेला तो ११० होता. ग्लुकोमीटरच्या पट्टीवर तो आणि स्थिर ११० अगदी सारखे दिसतात. आता सेन्सरच्या आकड्याशेजारी खाली झुकलेला बाण दिसला की ती कोणाला न विचारता ग्लुकोज पावडर तोंडात टाकते आणि मगच मैदानावर जाते.

हा सेन्सर रक्तातली शुगर मोजतो का?

नाही. दंडाच्या मागच्या बाजूला बसवलेल्या सेन्सरचा केसासारखा बारीक तंतू कातडीखाली जेमतेम अर्धा सेंटिमीटर जातो. तो रक्तवाहिनीत जात नाही, तर पेशींच्या मधल्या फटींत भरलेल्या पाण्यासारख्या द्रवात असतो. रक्तातलं ग्लुकोज झिरपत तिथे पोचायला वेळ लागतो, म्हणून सेन्सरचा आकडा रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असतो. शुगर स्थिर असेल तर फरक जाणवत नाही. साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर शुगर सुसाट चढत असेल, किंवा हायपोवर (म्हणजे शुगर फार कमी झाल्यावर) साखर खाऊन ती वर येत असेल, तर पट्टीचा आणि सेन्सरचा आकडा जुळणार नाही. दोन्ही यंत्रं आपापल्या जागी बरोबर असतात.

त्या तंतूवर असं काय असतं की त्याला फक्त ग्लुकोजच कळतं?

ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम. ते ॲस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीतून मिळवतात. कांदा सोलताना सालीखाली काळी पूड दिसते ना, ती बहुतेक वेळा हीच बुरशी. तिचं एन्झाइम ग्लुकोजच्या बाबतीत कमालीचं काटेकोर आहे.

ते ग्लुकोजमधून दोन इलेक्ट्रॉन काढून ऑक्सिजनला देतं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. इलेक्ट्रोड त्या पेरॉक्साइडमधून इलेक्ट्रॉन ओढून घेतो. जितकं ग्लुकोज जास्त, तितका प्रवाह जास्त. प्रवाह असतो नॅनोॲम्पिअरमध्ये, म्हणजे ॲम्पिअरच्या अब्जाव्या भागांत.

ही कल्पना लेलँड क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञाची. १९५६ मध्ये त्यांनी रक्तातला ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड बनवला. प्लॅटिनमवर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा ताणून बसवायचा, म्हणजे रक्तातली प्रथिनं धातूला चिकटत नाहीत आणि ऑक्सिजन मात्र आरपार जातो. १९६२ मध्ये चॅम्प लायन्स यांच्यासोबतच्या लेखात त्यांनी सुचवलं, की या इलेक्ट्रोडवर एन्झाइमचा थर धरून ठेवला तर ग्लुकोजही मोजता येईल. मला या लेखाचं फार अप्रूप वाटतं, कारण त्याचा विषयच मुळी हृदयशस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाची सतत नोंद घेण्याचा होता. म्हणजे सुरुवातीचं स्वप्न सततच्या मोजणीचंच होतं. अमेरिकेत असं पहिलं यंत्र रुग्णांसाठी मंजूर झालं १९९९ मध्ये. तेही तीन दिवस लावायचं आणि मग डॉक्टरांनी नोंदी उतरवून पाहायच्या असं होतं. रुग्णाला स्वतःला काही दिसत नसे.

मधली सदतीस वर्षं कशात गेली? एक उदाहरण देते. कातडीखालच्या द्रवात ग्लुकोज भरपूर असतं, पण ऑक्सिजन त्या मानाने फारच कमी. सगळं ग्लुकोज एन्झाइमपर्यंत पोचू दिलं तर ऑक्सिजन संपतो आणि यंत्र ग्लुकोजऐवजी ऑक्सिजनच मोजू लागतं. म्हणून बाहेरून असा पडदा लावावा लागतो, जो ग्लुकोजला अडवतो, थोडं थोडंच आत सोडतो आणि ऑक्सिजनला मोकळी वाट देतो. टेक्सासमधल्या ॲडम हेलर यांनी दुसरा मार्ग काढला. ऑस्मियम या धातूचे अणू बांधलेल्या पॉलिमरमध्ये त्यांनी एन्झाइम गुंफलं. इलेक्ट्रॉन त्या ऑस्मियमवरून उड्या मारत थेट इलेक्ट्रोडवर जातात, ऑक्सिजनची गरजच उरत नाही. दंडावर चिकटणाऱ्या, आज सर्रास दिसणाऱ्या एका सेन्सरमागे हीच युक्ती आहे.

रात्री तीनला शुगर कमी झाल्याचा अलार्म वाजतो, उठून पट्टीवर पाहिलं तर ११५. सेन्सर बिघडला का?

बहुधा मूल सेन्सरच्या कुशीवर झोपलं असेल. दाबामुळे तिथला रक्तपुरवठा आणि द्रवाची ये-जा मंदावते, तंतूभोवतीचं ग्लुकोज घटतं आणि आकडा कोसळतो. कूस बदलली की थोड्या वेळात तो आपोआप वर येतो. आलेखात सरळ रेषेत अचानक खड्डा आणि तितकीच अचानक चढण दिसली तर पहिला संशय यावरच घ्यावा. पण संशय घेऊन झोपून जाऊ नका. उठा, बोट टोचून खात्री करा. आम्ही पहिल्या महिन्यात झोपलेल्या मुलीच्या तोंडात विनाकारण दोनदा साखर घातली. मग सेन्सर दुसऱ्या दंडावर, ती ज्या कुशीवर झोपत नाही तिकडे लावायला लागलो.

औषधांमुळे आकडा चुकतो का?

काहींमुळे चुकतो, आणि त्याचं कारणही रसायनशास्त्रातच आहे. इलेक्ट्रोडला पेरॉक्साइड आणि दुसरा सहज इलेक्ट्रॉन देणारा रेणू यांतला फरक कळत नाही. व्हिटॅमिन सी, पॅरासिटामॉल आणि सिकल सेलच्या रुग्णांना देतात ते हायड्रॉक्सियुरिया हे असे उदार रेणू आहेत. त्यांच्यामुळे शुगर खरी असते त्याहून जास्त दिसू शकते. कुठल्या सेन्सरला कशाचा त्रास होतो हे मॉडेलप्रमाणे बदलतं. जुन्या काही मॉडेलांना पॅरासिटामॉल मुळीच चालत नसे, नव्यांना ठरावीक डोसपर्यंत चालतं. चघळायची व्हिटॅमिन सीची गोळी आपल्याकडे ५०० मिलिग्रॅमची असते आणि मुलं ती गोळ्या-बिस्किटांसारखी खातात. खोक्यातल्या माहितीपत्रकात यासाठी वेगळा परिच्छेद असतो, तो तेवढा वाचाच. खोटा जास्त आकडा पाहून इन्सुलिन दिलं गेलं तर ते धोक्याचं आहे.

म्हणजे बोट टोचणं पूर्ण बंद होत नाही?

खूप कमी होतं, बंद होत नाही. सेन्सर लावल्याचा पहिला दिवस, अंगातली लक्षणं आणि आकडा यांचा मेळ बसत नसेल ती वेळ, आणि आकडा भराभर बदलत असेल तेव्हा पट्टी हवीच. प्रवासात ग्लुकोमीटर घरी ठेवू नका.

रिपोर्टमध्ये ‘टाइम इन रेंज’ असतं ते काय?

चोवीस तासांतला किती वेळ शुगर ७० ते १८० च्या दरम्यान होती, ते. २०१९ मध्ये तज्ज्ञांनी आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरवलेलं साधारण उद्दिष्ट असं: टाइप १ किंवा टाइप २ असलेल्या बहुतेकांनी ७० टक्क्यांहून जास्त वेळ, म्हणजे दिवसातले सतरा तास, या पट्ट्यात असावं, आणि ७० च्या खालचा वेळ ४ टक्क्यांच्या आत असावा. गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांच्यासाठी आकडे वेगळे आहेत. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी या रक्तचाचणीत ४० आणि ३०० यांची सरासरीही छान दिसू शकते. टाइम इन रेंजमध्ये असे चढ-उतार लपत नाहीत.

सेन्सर दोन आठवड्यांतच का संपतो? कंपन्या मुद्दाम असं करतात का?

पायात काटा रुतून राहिला तर शरीर काय करतं ते आठवा. तंतू आत गेल्यापासून काही मिनिटांत त्यावर प्रथिनं चिकटतात. मग भक्षक पेशी येतात. त्या तिथलंच ग्लुकोज आणि ऑक्सिजन खातात. काही आठवड्यांत भोवती तंतुमय वेष्टण तयार होतं आणि ग्लुकोज तंतूपर्यंत पोचेनासं होतं. एन्झाइमही ३७ अंशांवर हळूहळू कमजोर होतं. दहा-पंधरा दिवस ही या सगळ्यातून काढलेली तडजोड आहे. एक सेन्सर वेगळ्या तत्त्वावर चालतो: ग्लुकोज चिकटलं की चमक बदलणारं रसायन असलेली छोटी कुपी डॉक्टर कातडीखाली बसवतात. तिच्या वर्षभर चालणाऱ्या प्रकाराला अमेरिकेत २०२४ मध्ये मंजुरी मिळाली.

करोनात ऑक्सिमीटर नुसता बोटावर लावून ऑक्सिजन कळायचा. मग शुगरसाठी टोचायचं कशाला? घड्याळं निघाली आहेत म्हणे.

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण यात दोन रेणूंचा स्वभाव कळतो.

ऑक्सिमीटरचं तत्त्व १९७० च्या दशकात जपानच्या ताकुओ आओयागी यांनी शोधलं. ते चालतं कारण हिमोग्लोबिन रंगीत आहे, ऑक्सिजन मिळाला की त्याचा रंग बदलतो, आणि ते रक्तात ठासून भरलेलं आहे: १०० मिलिलिटरमध्ये १३-१४ ग्रॅम. शिवाय नाडीच्या ठोक्याबरोबर ते कमी-जास्त होतं, त्यामुळे कातडी आणि हाड यांच्यापासून त्याचा संकेत वेगळा काढता येतो. तरीही गडद त्वचेवर तो ऑक्सिजन आहे त्याहून जास्त दाखवू शकतो.

ग्लुकोजला रंग नाही. शुगर १०० असेल तर १०० मिलिलिटर रक्तात ग्लुकोज असतं ग्रॅमचा दहावा हिस्सा. मोठ्या माणसाच्या अंगातल्या पाच लिटर रक्तात मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा साखर. ज्या अवरक्त प्रकाशात ग्लुकोज थोडंफार दिसतं, तिथेच पाणी त्याला झाकून टाकतं. त्या एका चमच्यातला चतुर्थांश फरक मनगटावर प्रकाश टाकून ओळखायचा, घाम, थंडी, हालचाल सगळं चालू असताना! अनेक प्रयोगशाळा त्यावर झटत आहेत. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने) स्पष्ट बजावलं, की न टोचता स्वतः शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मंजुरी दिलेली नाही. ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळणाऱ्या अशा घड्याळाच्या आकड्यावर कृपा करून इन्सुलिन घेऊ नका. आमच्या ग्रुपमधल्या एका ताईंच्या वडिलांना त्या आकड्यावर विसंबल्यामुळे दवाखान्यात न्यावं लागलं होतं. (खऱ्या सेन्सरचा आकडा फोनवरून घड्याळावर दिसतो ते वेगळं. तिथे घड्याळ फक्त पडदा असतं.)

घाम, अश्रू यांतून मोजता येणार नाही का?

गुगलने २०१४ मध्ये अश्रूंमधलं ग्लुकोज मोजणारी कॉन्टॅक्ट लेन्स जाहीर केली होती. २०१८ मध्ये काम थांबवलं, कारण अश्रूंमधल्या आणि रक्तातल्या ग्लुकोजचा भरवशाचा मेळ लागेना. घामातले क्षार आणि लॅक्टेट (स्नायू जोरात काम करताना तयार होणारा रेणू) मोजणं जमतं, पण घामातल्या आकड्यावरून रक्तात काय चाललंय ते सांगणं अजून अवघड आहे.

ग्लुकोजचं जमलं, मग बाकीच्या रेणूंचं का नाही?

माझ्या मते या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

ग्लुकोजच्या बाबतीत तीन योग एकत्र आले. ते रक्तात मुबलक आहे. त्याच्यासाठी टणक, काटेकोर एन्झाइम निसर्गात तयार होतं. आणि ते एन्झाइम ग्लुकोजला पकडतं, बदलतं आणि सोडून देतं, त्यामुळे पुढच्या क्षणी पुन्हा मोकळं असतं. लॅक्टेट आणि कीटोन (शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे रेणू) यांच्यासाठी अशी एन्झाइमं आहेत, म्हणून त्यांचे सेन्सर मागोमाग येत आहेत. बहुतेक औषधं, हार्मोन आणि प्रथिनांसाठी इलेक्ट्रोडवर वापरता येईल असं एन्झाइम नाही.

मग अँटिबॉडी वापरावी? घरच्या प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी अँटिबॉडीवरच चालते. पण ती एकदाच चालते. इन्सुलिनचंच पाहा. उपाशीपोटी रक्तात ग्लुकोजचे रेणू इन्सुलिनच्या साधारण दहा कोटी पट असतात. इतका विरळ रेणू पकडायला फार घट्ट धरणारा हात लागतो, आणि घट्ट धरणारा हात लवकर सोडत नाही, तासन् तास धरून बसतो. तिकडे इन्सुलिन रक्तात पाच-सहा मिनिटांत निम्मं होतं. ते कमी झाल्याचं सेन्सरला कळेपर्यंत दोन जेवणं होऊन गेलेली असतील. पकड सैल करावी तर रेणू सापडतच नाही. सततच्या मोजणीतली खरी गाठ ही आहे.

ती गाठ सोडवण्याचे प्रयत्न कुठपर्यंत आले आहेत?

दोन वाटा मला आश्वासक वाटतात.

पहिली ॲप्टामरची. ॲप्टामर म्हणजे ठरावीक रेणूला पकडेल असा प्रयोगशाळेत निवडून काढलेला डीएनए किंवा आरएनएचा छोटा धागा. निवडण्याची पद्धत १९९० मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधली. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथल्या केव्हिन प्लॅक्सको यांच्या गटाने या धाग्याचं एक टोक सोन्याच्या तारेला बांधलं आणि दुसऱ्या टोकाला मेथिलीन ब्लू लावलं. हो, तोच निळा रंग जो आमची मुलं प्रॅक्टिकलला पेशी रंगवायला वापरतात. धागा मोकळा असताना लोंबकळत असतो. औषधाचा रेणू मिळाला की तो त्याच्याभोवती दुमडतो, निळं टोक सोन्याजवळ येतं आणि इलेक्ट्रॉन वेगाने जाऊ लागतात. रेणू सुटला की धागा पुन्हा मोकळा. काही धुवायचं नाही, काही घालायचं नाही. २०१३ मध्ये टॉम सो आणि प्लॅक्सको यांच्या गटांनी जिवंत प्राण्यांच्या रक्तातलं औषध याच पद्धतीने सतत मोजलं. २०१९ मध्ये उंदरांत व्हॅनकोमायसिन मोजून, त्या आकड्यावरून पंपाने औषध कमी-जास्त सोडून पातळी स्थिर ठेवून दाखवली.

व्हॅनकोमायसिनच का? गंभीर संसर्गात हे अँटिबायोटिक कमी पडलं तर जंतू जगतात, जास्त झालं तर किडनीला इजा होते. आणि ते शरीराबाहेर जातं किडनीवाटेच, म्हणजे किडनी बिघडली की पातळी आणखी चढते. आज आयसीयूमध्ये अधूनमधून रक्त पाठवून, रिपोर्ट येईपर्यंत थांबून अंदाज बांधावा लागतो. तिथे दर मिनिटाचा आकडा मिळाला तर किती फरक पडेल, ते ज्यांचं माणूस आयसीयूत होतं त्यांना वेगळं सांगायला नको. अडचण टिकण्याची आहे. रक्तातली एन्झाइमं डीएनए कुरतडतात, सोन्यावरचा थर सुटत जातो, आणि तास-दिवसांत संकेत क्षीण होतो.

दुसरी वाट म्हणजे घट्ट हात जबरदस्तीने सोडवायचा. शाना केली यांच्या गटाने २०२४ च्या अखेरीस ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत दाखवलं, की इलेक्ट्रोडचा विद्युतदाब झपाट्याने वर-खाली केला तर घट्ट बसलेलं प्रथिनसुद्धा झटकलं जातं आणि सेन्सर नव्याने मोजायला तयार होतो. त्यांनी मधुमेही उंदरांत दाह वाढवणाऱ्या प्रथिनांवर असं सतत लक्ष ठेवलं. अजून हे प्राण्यांपुरतंच आहे. तरी हा शोधनिबंध वाचला त्या रात्री मी मुलीला उठवून सांगितलं होतं.

सेन्सर आणि इन्सुलिन पंप एकमेकांशी बोलू शकतात का?

बोलतात. सेन्सरच्या आकड्यावरून पंपाने इन्सुलिन सोडणारी, अंशतः स्वयंचलित अशी पहिली प्रणाली अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झाली. जेवणाचं इन्सुलिन मात्र त्यातही माणसाने सांगावं लागतं.

खर्च झेपत नाही. काय करावं?

एका सेन्सरला काही हजार रुपये पडतात आणि महिन्याला दोन लागतात. आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या प्रत्येकाला हा सेन्सर लागत नाही. फक्त गोळ्यांवर शुगर आटोक्यात असलेल्या माणसाला रोज लावून फारसं काही मिळत नाही. पण टाइप १ असलेल्या लहान मुलाला तो मिळायलाच हवा असं मला ठामपणे वाटतं, आणि तिथेच तो सगळ्यात कमी पोचतो. आमच्या ग्रुपमधली काही कुटुंबं डॉक्टरांना विचारून वर्षातून चार-पाच वेळा लावतात: डोस बदलला, शाळेची वेळ बदलली किंवा रात्री हायपो होतोय असा संशय आला की. पंधरा दिवसांच्या आलेखातून मुलाच्या शुगरची तऱ्हा कळते आणि पुढचे काही महिने पट्टीचे आकडे वाचणं सोपं जातं.

आंघोळ, पाऊस, पोहणं?

आंघोळ चालते. पोहण्यासाठी खोली आणि वेळेची मर्यादा खोक्यावर दिलेली असते, एका प्रचलित सेन्सरला १ मीटर आणि ३० मिनिटं. आमच्या कोकणात मे महिन्याचा घामच चिकटपट्टीचा मोठा शत्रू आहे. लावण्याआधी तेल, पावडर काही नको. स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडं होऊ द्या. खाज, पुरळ आलं तर ते चिकटद्रव्याच्या ॲलर्जीमुळे असू शकतं, अंगावर काढू नका.

काढलेला सेन्सर कुठे टाकायचा?

लावायच्या साधनात सुई असते. ती जाड प्लास्टिकच्या डब्यात झाकण लावून ठेवा आणि दवाखान्यात द्या. सफाई कामगारांच्या हातात जाईल अशी कचऱ्यात टाकू नका. सेन्सरमध्ये बटण-सेल असतो, तो ई-कचऱ्यात.

मुलीचा एक काढलेला सेन्सर मी मागच्या वर्षी हातमोजे घालून सूक्ष्मदर्शकाखाली धरला होता. मुलगी शेजारीच होती. तंतूच्या टोकाला काळसर थर आणि त्यावर धुक्यासारखा पांढुरका पापुद्रा दिसला. तो तिच्याच शरीराने चौदा दिवसांत चढवलेला. बराच वेळ ती डोळा लावून पाहत राहिली, मग दुसऱ्या दंडावर नवा सेन्सर लावून घेतला आणि तासाभराने पहिला आकडा आला: १२४, आडवा बाण.